साहेब येणार म्हणून

दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी एका साहेबानं आमच्या अठरा बायांना रांगेत उभं केलं, खालीवर बघितलं आणि कागदावर लिहून दिलं की या मजूर नाहीत. त्या अठरांत पहिली माझी बायको होती. जन्मभर घमेलं उचललेली बाई. त्यानं तसं लिहिलं यात निम्मी चूक साहेबाची. निम्मी माझी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायको गेली तेव्हाही नाही. ह्या दिवाळीनंतर मात्र सांगावं लागलं. आता सांगितलंच आहे तर लिहूनही ठेवतो. शिक्षण चौथी आहे, त्यामुळं बोलतो तसंच लिहिणार. ज्याला पटेल त्यानं वाचावं.

आम्ही वडार. आजा आणि बाप मोशीच्या अंगाला खाणीत दगड फोडायचे. मीही विशीपर्यंत तेच केलं. मग खाणीवर मशिनं आली, गावांचं शहर झालं आणि फोडलेल्या दगडाला कुणी विचारीना. आलं ते सिमेंटच्या ठोकळ्याचं काम. फुटपाथ, पार्किंग, शाळेचं अंगण, जिथं बघाल तिथं पेव्हिंग ब्लॉक. आम्ही नवरा-बायको थेरगावच्या वस्तीत एक खोली घेऊन राहिलो आणि ठेकेदाराच्या हाताखाली ब्लॉक बसवत गेलो. एक मुलगी झाली. ती आता चाकणच्या बाजूला दिली आहे. जावई कंपनीत शिफ्टला जातो.

ब्लॉकचं काम दिसायला सोपं. खाली खडी, वर बारीक कच म्हणजे दगडाचा चुरा, कचेवर ब्लॉक, मग ठोकणं. पण कच नुसती सपाट करून भागत नाही, पाण्याला उतार लागतो. इंजिनियर लोक त्याला यंत्र लावतात. आमची ही कच सारखी करायला शेवटची पट्टी मारायच्या आधी चप्पल काढायची आणि कचेवरून एकदा चालून यायची. "हितं पाणी थांबंल," म्हणायची. एकदा एका पोरगेल्या इंजिनियरनं हट्टानं तिथं बादलीभर पाणी ओतलं. थांबलं. मग तोच तिला चहा प्यायला घेऊन गेला. तिनं साखर जास्त आहे म्हणून अर्धा सोडला.

संस्था काढायचं तिच्याच डोक्यात आलं. सरकारचा नियम असा आहे की छोटी कामं सगळीच मोठ्या ठेकेदाराच्या घशात घालायची नाहीत. काही मजुरांच्या संस्थेला राखून ठेवायची, काही बायांच्या. गरिबानं जन्मभर दुसऱ्याच्या ठेक्यावर राबू नये, त्याचाही कधी ठेका असावा, म्हणून. नियमाला मी नावं ठेवणार नाही. नियम चांगला आहे. पण व्हायचं असं की त्या नियमावर पोट भरायचं दुसऱ्यानंच. आम्ही ज्याच्याकडं कामाला जायचो, त्या ठेकेदारानं आपली बायको, भावजया, मेहुण्या, सगळ्या गोळा करून महिला मजूर संस्था काढली होती. संस्थेच्या मीटिंगला मजूर बाया गाडीतून उतरायच्या आणि ड्रायव्हर त्यांच्या पर्सा धरायचा. राखीव काम त्या संस्थेला मिळायचं आणि ब्लॉक आम्ही बसवायचो.

आमच्या हिला ते सहन होईना. वस्तीतल्या सतरा जणी तिनं जमवल्या. सगळ्या आमच्याच कामावरच्या. दाखले काढले, फोटो काढले, बँकेत खातं काढलं. सगळ्या तिला अक्का म्हणायच्या, त्यामुळं मी सगळ्यांचा दाजी. नोंदणी झाली तशी ठेकेदार पेढे घेऊन घरी आला.

"अक्का, संस्था काढली, लई भारी काम केलं," म्हणाला. "आता उन्हातान्हात कशाला? तुमी फक्त सही द्या, शिक्का द्या. काम मी वढतो. घरबसल्या तुमचा वाटा."

ती म्हणाली, "घरी बसायला संस्था कशाला काढायची? घर व्हतंच की."

पेढे मात्र तिनं ठेवून घेतले. म्हणाली, पेढ्यावर कुठं सही असते.

अशा गाडीतल्या संस्था निघतात, म्हणून सरकारनं तपासणी ठेवली आहे. खात्याचा साहेब येतो, बाया खऱ्या मजूर आहेत का ते बघतो आणि तसं लिहून देतो. त्या कागदाशिवाय राखीव कामाच्या सोडतीत चिठ्ठीच टाकता येत नाही. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर. आमची तारीख आली तेव्हा बाया पिंपळे गुरवला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये कामावर होत्या. हिचं म्हणणं असं, की सकाळी दोन तास काम करायचं आणि तशाच सगळ्या उठून वस्तीतल्या समाजमंदिरात जायचं.

आदल्या दिवशी दिवेलागणीला ती मला हे सांगत होती आणि मी चिडलो.

"साहेबापुढं असं घाणीत जाणार?"

"कामाची चौकशी हाय ना? मग कामावरनंच जाऊ की."

"तुला काय कळतंय? लायकी दिसली पायजे आपली."

मी चिडलो त्याला कारण होतं. लहानपणी बापाबरोबर मी तालुक्याला एका कचेरीत गेलो होतो. बापाच्या अंगावर दगडाची भुकटी. तिथला कारकून म्हणाला, आधी अंग धुऊन या, मग आत या. बापाला वाटलं तो चेष्टा करतोय, म्हणून तो हसला. त्यावर आम्हाला संध्याकाळपर्यंत दारात उभं केलं आणि काम न करता परत लावलं. बाप घरी आल्यावर जेवला नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, की साहेबापुढं जायचं ते धुऊन-पुसून. एवढी एकच शिकवण मी बापाकडून घेतली आणि ती चुकीच्या जागी वापरली.

ती माझ्याशी भांडायला कधी कमी पडायची नाही. त्या दिवशी का कोण जाणे, गप्प झाली. मोबाइल उचलला. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून बायांच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकायची. तसा टाकला.

दुसऱ्या दिवशी अठरा जणी समाजमंदिरात आल्या. काय सांगू. एकीनं काठापदराचं नेसलेलं, एकीनं बहिणीच्या लग्नातली नथ घातलेली, सगळ्यांच्या डोक्यात गजरे. आमच्या हिनं मुलीच्या लग्नातलं हिरवं नेसलं होतं. मी शाल आणि नारळ आणला होता साहेबासाठी. वेफर्स, पेढा, पाण्याच्या बाटल्या. मला इतकं बरं वाटलं त्या रांगेकडं बघून. म्हटलं, बापानं बघायला पाहिजे होतं.

साहेब आले. शाल घेतली नाही. रांगेकडं बघून मला विचारलं, "या कोण?"

"मजूर, साहेब."

"या मजूर?" साहेब हसले. "आजोबा, घरात लग्न असलं तरी माझी बायको एवढी नटत नाही."

माझ्याबरोबर दोन-चार जणी हसल्या. साहेब विनोद करतात म्हणजे काम झालं, असं वाटलं आम्हाला. हिला एकटीला कळलं. ती रांगेतून पुढं आली आणि दोन्ही हात त्यांच्यासमोर उलटे-सुलटे करून धरले. "हात बघा, साहेब."

साहेबांनी बघितले. अगदी बघितलेच नाहीत असं नाही. म्हणाले, "भांडी घासूनही हात असे होतात, ताई."

त्याच हॉलमध्ये आमच्यानंतर ठेकेदाराच्या बायांचा नंबर, त्यांचा जुना कागद नवा करायचा होता. त्या आल्या डोक्याला टॉवेल बांधून, साडीला लाल मुरूम फासून. हातात नवी कोरी फावडी, दांड्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच. त्यातल्या एकीच्या नखांवर पॉलिश खरवडल्याच्या खुणा होत्या. आमची ही मागून मोठ्यानं म्हणाली, "हिनं फावडं उलटं धरलंय." त्या बाईनं घाईघाईनं फिरवलं. आमच्या बाया खिदळल्या. साहेब फोटो काढत होते, त्यांनी वर बघितलं नाही.

महिन्यानं दोन्ही संस्थांचे कागद आले. त्यांचा पास. आमच्यावर लिहिलेलं, सभासद प्रत्यक्ष अंगमेहनत करणाऱ्या असल्याचे दिसून येत नाही. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. ही भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "परत एकदा वाचा." परत वाचलं. ती थापत राहिली. शिव्या देणारी बाई. तव्याला, गॅसला, पावसाला, मला, सगळ्यांना द्यायची. त्या दिवशी एकही नाही. दिली असती तर माझं थोडं हलकं झालं असतं. तिनं ते होऊ दिलं नाही.

मग तिनं दाद मागायला सुरुवात केली. अर्ज, त्या अर्जाची पोच, मग त्या पोचेचं काय झालं याचा अर्ज. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर 'बंद आहे' ही चिठ्ठी इतकी जुनी की पिवळी पडलेली. प्रत्येक मजल्यावर ती भिंतीला हात लावून थांबायची. मला वाटायचं, वय झालं. मीही थांबायचो, पण माझं नाटक असायचं, तिला एकटीला थांबायला लाज वाटू नये म्हणून. हृदयातली झडप खराब झाली होती, हे डॉक्टरनं नंतर सांगितलं. जिन्यांनी तिला मारलं असं मी म्हणणार नाही. दुखणं जुनं होतं. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. पंधरा दिवस दवाखान्यात होती आणि एका सकाळी गेली. अस्थी मुलीनं आणि जावयानं आळंदीला नेल्या. मी गेलो होतो, पण घाटाच्या पायऱ्या उतरलो नाही. रिक्षात बसून राहिलो.

नंतर मुलीकडं दीड महिना राहिलो. जावई चांगला आहे, पण रात्रपाळी करून दिवसा झोपतो आणि मला खोकला. परत थेरगावला आलो. डाळीला कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या, हे मला साठ-पासष्ट वर्षांत कधी कळायची गरज पडली नव्हती. शेजारणीला विचारलं. ती म्हणाली तीन. मी मोजायला बसलो की दुसऱ्या शिट्टीनंतर मन कुठं तरी जातं. डाळ करपते नाहीतर कच्ची राहते. अजून तसंच चाललंय.

दिवाळी झाली आणि पोस्टमननं एक पाकीट दिलं. वर हिचं नाव. अध्यक्षा, अमुक महिला मजूर सहकारी संस्था. तिच्या अर्जावरून फेरतपासणी मंजूर झाली होती. पंधरा दिवसांत सभासद हजर ठेवावेत, पुन्हा अपात्र ठरल्यास नोंदणी रद्द करण्यात येईल. मी ते पाकीट चार दिवस डब्याखाली दाबून ठेवलं. फाडून टाकावं असंही वाटलं. कुणाला सांगायचं? पहिल्या नकारानंतर बाया पांगल्या होत्या. सहा जणी चाकणला कंपन्यांत साफसफाईला लागल्या होत्या, पहाटेच्या बसनं जायच्या. चार जणी परत त्याच ठेकेदाराकडं हजेरीवर. बाकीच्या खाजगी छोटी-मोठी कामं धरून होत्या. आणि मी थकलो होतो. खरं सांगायचं तर मला कुठल्याच साहेबाचं तोंड बघायचं नव्हतं.

पण मी कुणाला सांगायच्या आधीच बातमी ठेकेदाराला कळलेली. तो दारात येऊन उभा.

"काका, ह्या टायमाला मी सांगतो तसं उभं करा बायांना. जुनी कापडं घालू द्या. माती मी पाठवतो गाडीनं, मुरूमाची, चांगली लाल. साडीला लावली की फोटोत उठून दिसती."

"आमाला माती तू देणार?" मी म्हटलं.

"तसं नव्हं हो, राव. पास झाल्यावर संस्था मला चालवायला द्या, एवढंच. तुमच्यात आता कोण राहिलंय पळापळ करायला?"

तो गेल्यावर मी पाकीट काढलं आणि बायांना निरोप धाडला. त्याच्या शेवटच्या वाक्यासाठी धाडला, असं म्हणा.

रविवारी माझ्या खोलीत तेरा जणी आल्या. हिच्या जागेवर, भिंतीला टेकून, कुणी बसलं नाही. सगळ्या दाराकडं दाटीनं बसल्या. त्यांतली थोरली म्हणजे ती नथवाली. हिच्याबरोबर वीस वर्षं एका घमेल्यावर काम केलेली. पहिला प्रश्न तिनंच काढला.

"आता नेसायचं काय, ते आधी ठरवा. मागल्या वेळी अक्कानं नटवलं आन् तोंडावर पाडलं."

मी म्हटलं, "अक्कानं?"

"मग कुणी? तिचा निरोप हाय माझ्याकडं. मी पुसला न्हाई." तिनं मोबाइल काढला, अंगठ्यानं वर वर नेत राहिली आणि लावला.

ती गेल्यावर आठ महिन्यांनी तिचा आवाज आला माझ्या खोलीत. "बायांनो, उद्या साहेब येणार हाय. समद्या जणी आंघोळ करून, ठेवणीतली नेसून या. कामाची कापडं नकोत. माझं ऐका."

बायांनी माना खाली घातल्या. कुणी तरी नाक पुसलं. मी म्हटलं, "परत लाव. आवाज वाढव."

"कशाला, दाजी? त्रास व्हतो."

"लाव म्हणतो ना. शेवटाला मागं कोण बोलतंय ते ऐका."

तिनं लावलं. 'माझं ऐका' च्या मागं, लांबून, पुरुषाचा आवाज होता. "गजरा बी सांग."

माझाच. मी तेव्हा बाजेवर पडलो होतो. मला ते बोलल्याचं आठवतही नव्हतं.

"ती कामाच्याच कापडात या म्हणत व्हती," मी म्हटलं. "मी भांडलो. मी तिला सांगायला लावलं. समदं माझं हाय."

मग ती थोरली म्हणाली, "कागद आला त्या दिवशी मी तिला पाण्याच्या नळावर धरलं. म्हणलं, तुझ्या मिजाशीपायी आमचं वाटोळं झालं. तर म्हणली, व्हय, माझीच अक्कल. ह्यांनी सांगितलं व्हतं कामावरनंच जा म्हणून, मीच ऐकलं न्हाई."

"असं म्हणली?"

"असंच. तवापासनं मी तिच्याशी धड बोलले न्हाई, दाजी. दवाखान्यात आले तर दारातनं बघून माघारी गेले. शेवटचं बी." तिनं मोबाइल पदराखाली घातला. "सव्वा वरीस तोंडात काय धरलं व्हतं तुमी? मुरूम?"

ती उठली आणि चप्पल घालून गेली. तिच्या मागं आणखी दोघी गेल्या. मला वाटलं, झालं. संस्था इथंच मेली.

बाकीच्यांत एक परभणीकडची तरणी बाई होती. संस्थेत शेवटी आलेली, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "रडायचं ते रडा, पण तारखेचं बोला. आपण हॉलात जायचंच कशाला? नटून गेलो तर म्हणतेत नटल्या, मळून गेलो तर नाटक केल्यावानी वाटतंय. साहेबालाच बोलवा की कामावर. तितं काय नेसायचं हे कुणी इचारीत नाही."

एवढी साधी गोष्ट. सव्वा वर्षात मला सुचली नाही. हिला आदल्या दिवशीच सुचली होती, म्हणा.

अर्ज मी लिहिला. तीनदा खोडला. ऑफिसातला कारकून म्हणाला, अशी पद्धत नाही. मी म्हटलं, पद्धतीनं एकदा बघून झालंय. तो वैतागला, पण अर्ज घेतला. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना मी प्रत्येक मजल्यावर थांबलो. ह्या वेळी नाटक नव्हतं.

अर्ज मंजूर झाला. तपासणीच्या दिवशी बाया पिंपळे गुरवलाच होत्या, जुन्या सोसायटीच्या शेजारच्या इमारतीत. चाकणला जाणाऱ्यांनी खाडा केला. ठेकेदाराकडच्या चौघीही आल्या. उद्यापासून तो हजेरीवर घेणार नाही, हे त्यांना माहीत होतं. साडेदहाला एक स्कूटी आली. साहेब नव्हते, मॅडम होत्या. वय तिशीच्या आतबाहेर. हेल्मेट काढून त्यांनी हातावर अडकवलं.

मी पुढं झालो. "मॅडम, मागच्या टायमाला जी चूक झाली ती—"

"बाबा, तुम्ही सभासद आहात?"

"न्हाई. महिला संस्था हाय."

"मग जरा बाजूला थांबा."

मी सिमेंटच्या गोण्यांपाशी जाऊन थांबलो. तिथून सगळं दिसत होतं. मॅडमनी यादी काढली आणि पहिलं नाव वाचलं. हिचं. कुणी ओ दिली नाही. त्यांनी परत वाचलं.

तेवढ्यात फाटकातून थोरली आली. जुनं लुगडं, त्यावर नवऱ्याचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. माझ्याकडं बघितलं नाही. सरळ मॅडमपुढं जाऊन म्हणाली, "ती वारली. अध्यक्ष आता मी." तिला कुणी नेमलं नव्हतं. बायांनी एकमेकींकडं बघितलं आणि कुणी काही म्हटलं नाही. म्हणजे नेमलं.

"मृत्यूचा दाखला?"

तो माझ्या पिशवीत होता. तेवढ्यापुरतं मला जवळ बोलावलं. मॅडमनी दाखला बघितला, पर्समधून पट्टी काढली आणि तिच्या नावावर सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं, मयत. इतक्या नीट मारली रेघ की मला राग येईना. मी दाखला घडी करून परत गोण्यांपाशी गेलो.

मग मॅडम कामाकडं वळल्या. "कच किती टाकता?"

"दोन इंच," परभणीची म्हणाली.

"तीन का नाही?"

"तीन टाकली तर गाडी चढली की ब्लॉक आत दबतो. मग लोक आम्हालाच शिव्या देतेत."

मॅडम लिहिता लिहिता पुढं सरकल्या. थोरली ओरडली, "ओ मॅडम, तितनं पाय काढा! ते ठोकायचं ऱ्हायलंय अजून."

मॅडमनी पाय काढला. म्हटलं, गेलं. पण त्या हसल्या, बाजूच्या पायरीवर बसल्या आणि तासभर तिथंच बसून राहिल्या. बायांनी तासाभरात त्यांना विसरूनही टाकलं. एकमेकींना शिव्या देत, ब्लॉक फेकत, झेलत चालू होतं. जाताना मॅडमनी कुणाला काही सांगितलं नाही. चहाही घेतला नाही.

कागद आला तो थोरलीच्या नावानं आला. पास. पहिल्या सोडतीत चिठ्ठी निघाली नाही. दुसऱ्यात निघाली. थेरगावातलंच काम, डांगे चौकाच्या पलीकडं, फुटपाथचा एक पट्टा. काम लहान आहे. पण पाटीवर संस्थेचं नाव लागलं. ठेकेदाराचा फोन थोरलीला आला. काय म्हणाला माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "आमचं आमी करतो. तुमी तुमच्या मजूर बायांना आधी फावडं धरायला शिकवा," आणि ठेवला.

असा शेवट गोड झाला असं कुणी समजू नये. पुढची सोडत लागेल का माहीत नाही. दोघी-तिघी आत्ताच म्हणतात की संस्था चालवायला देऊन टाकू, हाडं दुखतात. त्यांचंही खोटं नाही. आणि मी खोलीवर आलो की सांगायला कोण आहे? पास झाल्याचा कागद मी दोनदा मोठ्यानं वाचला आणि घडी करून थोरलीला नेऊन दिला. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. माझ्या घरात चहा घेत नाही. घेऊही नये. तिचा हिशेब माझ्याशी नाही, पाण्याच्या नळावर बोललेल्या शब्दांशी आहे, आणि ते परत घ्यायला समोर माणूस उरलेलं नाही. ते माझ्या न बोलण्यानं झालं.

फुटपाथचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी तिच्या दारात गेलो. म्हटलं, "मी येऊ का? ओझं न्हाई उचलवत. बसून काय तरी करीन."

ती तांदूळ निवडत होती. सुपातला खडा टाकून म्हणाली, "या. पण एक हाय, दाजी. साहेब आला, मॅडम आली, कुणी बी आलं, तर तुमी तोंड उघडायचं न्हाई. लांब बसायचं."

"बरं," मी म्हटलं.

आता रोज जातो. लांब बसतो.